शारजाची बारावी आणि लातूरचं कॉलेज: कागद मागायचे कुणाला?

मांजराकाठ

मंडळी, डोकं चालेना म्हणून इथं लिहायलोय.

माझी बहीण आणि दाजी चौदा वर्षं शारजाला होते. दाजींच्या कंपनीनं गाशा गुंडाळला, म्हणून जूनमध्ये सगळा बाडबिस्तरा घेऊन लातूरला परत आले. भाची तिथं केंब्रिजच्या शाळेत शिकली. दहावीच्या जागी आयजीसीएसई, सात विषय, सगळ्यात बी किंवा त्याच्या वर. आता बारावीच्या जागी ए लेव्हल देऊन आलीय. जीवशास्त्र, रसायन, भौतिक. निकाल ऑगस्टात. मधी एप्रिलमध्ये आठवडाभर येऊन इथं सीईटी देऊन गेली, नीट तिनं तिकडंच दिली.

परवा तिला घेऊन इथल्या एका कॉलेजात गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, बोर्ड कोणतं? म्हणलं केंब्रिज. त्यानं यादी वरून खाली, खालून वर बघितली. "नाही यात. समकक्षता आणा." कुठून आणू? तिथून पुढं तीन ठिकाणी फोन झाले, प्रत्येकानं पुढच्याचं नाव सांगितलं आणि चौथ्यानं परत पहिल्याचं.

घरी येताना गाडीवर मागं बसून भाची विचारते, मामा, मला परत अकरावीत बसवतेत का? काय सांगावं कळंना. कुणी यातून गेलंय का?

नीलांबरी

सीबीएसई असती तर प्रश्नच नव्हता. आमच्या नणंदेची मुलं कुवेतला इंडियन स्कूलमध्ये होती. तिथली बारावी म्हणजे दिल्लीच्याच बोर्डाची बारावी. मायग्रेशन सर्टिफिकेट दिलं की काम झालं. केंब्रिजमुळे तुमचा घोळ झालाय.

मांजराकाठ

नीलांबरीताई, हे दाजींच्या कानावर घालू नका. आमची ताई रोज तेच ऐकवायलीय.

तात्याराव_उदगीर

आमच्या पोराची बारावी उदगीरातच झाली, बोर्ड लातूरचंच, तरी कॉलेजवाल्यानं तीन चकरा मारायला लावल्या. टीसीवर शिक्का पुसट आहे म्हणे. तुमचं तर समुद्रापलीकडचं काम. चप्पल चांगली घ्या.

गोदातीर

मी बरीच वर्षं एका कॉलेजात प्रवेशाचं काम पाहिलंय, आता निवृत्त आहे. तुम्हाला तिघांनी तीन दिशांना पाठवलं, त्यात खोटं कुणीच बोललं नाही, फक्त पूर्ण कुणी सांगितलं नाही. कॉलेज प्रवेश देतं. विद्यापीठ पात्रता देतं. आणि परदेशातली परीक्षा आपल्या बारावीच्या तोडीची आहे की नाही, हे सांगणारे तिसरेच. ते काम वर्षानुवर्षं भारतीय विद्यापीठ संघ करत आलाय, ज्याला सगळे एआययू म्हणतात. १९२५ सालची संस्था, कार्यालय दिल्लीत. पण दिल्लीचं तिकीट काढू नका, अर्ज ऑनलाइन असतो.

ए लेव्हलवाल्यांसाठी ढोबळ हिशोब असा: आयजीसीएसईला निदान पाच विषयांत सी किंवा वर, त्यात इंग्रजी हवंच, आणि वर तीन विषय पूर्ण ए लेव्हलचे. तुमच्या भाचीचं यात बसतंय. फसतात ते एएस करून परत येणारे. एएस म्हणजे अर्धी वाट, ती बारावी धरत नाहीत. एका मुलाचे वडील माझ्या टेबलासमोर रडले होते, कारण मुलानं एएस केलं, बदली झाली म्हणून निघून आला, आणि इथं कळलं की कागदावर तो अकरावीच पास आहे.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटवाल्यांनी पूर्ण डिप्लोमा घ्यावा, ४५ पैकी २४ गुणांनी मिळतो तो. अमेरिकेतून येणाऱ्यांनी आपल्या हायस्कूलला मान्यता कुणी दिलीय ते आधी तपासावं. तिकडं आपल्यासारखं एक बोर्ड नसतं, शाळांना मान्यता देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात.

आणि अकरावीत परत बसवणार नाहीत. तेवढं तिला आजच सांगा.

मस्कतची_सून

मी ओमानहून आलेय, माझ्या थोरल्याचं हेच सगळं करून बसलेय, म्हणून जरा सविस्तर.

समकक्षतेच्या आधी साक्षांकन, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के. आणि इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही: तुमच्या भाचीचे कागद दोन देशांचे आहेत. शाळेचा दाखला, टीसी, गुणांचे रिपोर्ट हे शारजाचे. पण ए लेव्हलचं प्रमाणपत्र ब्रिटनमधून निघतं, केंब्रिज तिकडं आहे. त्यामुळे दोघांचे रस्ते वेगळे. ब्रिटन अपोस्टिलच्या करारात आहे (१९६१ चा हेगचा करार, भारत त्यात २००५ ला आला; करारातले देश एकमेकांचा एकच शिक्का मानतात, तो म्हणजे अपोस्टिल), म्हणून त्या कागदाला ब्रिटनचं अपोस्टिल पुरतं. अमिराती त्या करारात नाही. शारजाच्या कागदांना तिथल्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग तिथल्या परराष्ट्र खात्याचा, मग आपल्या वकिलातीचा, असा जिना चढावा लागतो. ओमान करारात आहे म्हणून आमचं एका अपोस्टिलमध्ये भागलं. शेजारीण दुबईची होती, तिचे चार महिने गेले.

तुम्ही निघून आलात म्हणताय. टीसीवर तिथल्या शिक्षण खात्याचा शिक्का मारून आणलाय का? नसेल तर कुणी ओळखीचा तिकडं असेपर्यंत त्याच्याकडून करून घ्या. व्हिसा रद्द झाल्यावर ही कामं एजंटच्या हातात जातात, आणि एजंटचा दर तुमच्या चेहऱ्यावरची घाई बघून ठरतो.

दुसरं, नाव. आधारवर काय आहे आणि केंब्रिजच्या कागदावर काय आहे?

मांजराकाठ

टीसीवर शाळेचा शिक्का आहे, खात्याचा नाही. दाजींचा एक रूममेट अजून तिकडंच आहे, त्याला आज फोन लावतो.

नावाचं म्हणाल तर आधारवर भाचीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. केंब्रिजच्या कागदावर वडिलांचं नावच नाही. पासपोर्टवर आडनाव आधी. एकच पोरगी, तीन माणसं झालीत.

मस्कतची_सून

हेच म्हणत होते.

भोकरदनी

अहो आमच्या इथं निजामाच्या काळातल्या नोंदी मोडी आणि उर्दूतून शोधून काढायलेत, पणजोबाच्या नावापुढं काय लिहिलंय ते भिंग लावून वाचायलेत. आणि हिची दोन वर्षांपूर्वीची परीक्षा कुणाला सापडंना.

तात्याराव_उदगीर

भोकरदनी, एक नंबर. शारजाच्या शाळेतला कागद मोडीत लिहून न्या, लगेच मान्य होईल.

कलम_बहाद्दर

गोदातीर यांच्या माहितीत एक भर घालतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) परदेशी पदव्या आणि शिक्षण यांना समकक्षता देण्याचे स्वतंत्र विनियम काढलेत. आता यूजीसीच्या पोर्टलवर अर्ज, स्थायी समिती बघून शिफारस करणार, समकक्षता यूजीसी देणार. शालेय शिक्षणही त्यात आहे, अट म्हणजे एकूण १२ वर्षांचं नियमित शालेय शिक्षण झालेलं हवं. त्यामुळे एआययू एआययू करत बसू नका, तो काळ गेला.

गोदातीर

कलम_बहाद्दर, विनियम आलेत हे खरं. पण काळ गेला म्हणून सांगू नका, पोरांचं वर्ष जाईल. राजपत्रात छापलं म्हणजे खिडकीवर पोचलं असं होत नाही. कित्येक प्रवेश पुस्तिकांत अजून एआययूचंच नाव छापलेलं असतं, आणि खिडकीतला माणूस पुस्तिकेत जे छापलंय तेच मागतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच मागितलं असतं, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की उत्तर त्याला द्यावं लागतं.

कलम_बहाद्दर

म्हणजे नियमापेक्षा खिडकी मोठी?

गोदातीर

प्रवेशाच्या महिन्यात, होय.

मांजराकाठ, तुम्ही असं करा. ज्या कॉलेजात जायचंय त्यांच्या प्राचार्यांना साधा अर्ज द्या: 'माझ्या भाचीची अमुक परीक्षा झाली आहे, समकक्षता प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे चालेल ते कृपया कळवावे.' दोन प्रती, एकीवर पोच घ्या. तोंडी विचारलं की माणूस झटकतो. आवक क्रमांक पडलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

नीटवाली_आई

सगळे कागदांवर बोलताय, मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. मुलीला करायचंय काय? नीट दिलीय म्हणजे एमबीबीएस डोक्यात आहे असं धरते. मी लातूरचीच, दोन मुलांची नीट झालीय घरात, नियम पाठ आहेत.

महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्याला तीन गोष्टी लागतात: अधिवास, दहावी महाराष्ट्रातून, बारावी महाराष्ट्रातून. तुमच्या भाचीच्या दोन्ही परीक्षा बाहेरच्या. आईवडील इथले, आजी इथली, शेत इथलं, काही उपयोग नाही. राहिला १५ टक्के अखिल भारतीय कोटा, तो सगळ्यांना खुला, पण तिथं सगळा देश रांगेत असतो. मग अभिमत विद्यापीठं, आणि खाजगी कॉलेजातला एनआरआय कोटा. फी ऐकून दाजींना खुर्ची द्या.

आणखी एक. ए लेव्हलला इंग्रजी विषय घेतला होता का तिनं? मेडिकलच्या पात्रतेत बारावीच्या पातळीवर भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांच्याबरोबर इंग्रजी मागतात.

मांजराकाठ

नाही घेतलं. आयजीसीएसईला होतं. अख्खी शाळा इंग्रजीत झालीय हो तिची! मराठीत बोलताना अडखळते ती.

नीटवाली_आई

मला नका सांगू, मी नियम सांगतेय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ च्या नोव्हेंबरात सवलत दिलीय की राहिलेला विषय बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून जादा विषय म्हणून देता येतो. रस्ता आहे, पण वेळ जातो.

तात्याराव_उदगीर

इंग्रजीत शिकलेल्या पोरीला इंग्रजीचा दाखला. उद्या मला म्हणतील उदगीरचा असल्याचा पुरावा म्हणून खवा आणून दाखव.

पिंपळपान

८५ टक्क्यांच्या नियमाबद्दल थोडं वेगळं मत. हा नियम कडू आहे पण मराठवाड्यानं तरी त्याला नावं ठेवू नयेत. बाहेरून शिकून येऊन इथल्या जागा कुणी घेऊ नयेत, हीच भूमिका आपण इतकी वर्षं मांडत होतो ना? ७०:३० आठवतंय का? ज्या विभागात कॉलेज तिथल्या मुलांना ७० टक्के जागा, आणि मराठवाड्यात कॉलेजंच कमी. आपल्या पोरांचे गुण जास्त असून मुंबई-पुण्याच्या कॉलेजात जागा मिळत नव्हती. २०२० ला ते रद्द झालं, तेव्हा पेढे वाटले लोकांनी. तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख, म्हणजे लातूरचेच.

नीटवाली_आई

पिंपळपान, ते उलटं झालं की हो. ७०:३० हा घरच्यांना जास्त जागा देणारा नियम, तो नको म्हणून आपण भांडलो. ८५ टक्केसुद्धा घरच्यांनाच जागा देतो, आणि तो मात्र हवा? आपल्या सोयीचं ते तत्त्व.

पिंपळपान

बरोबर पकडलंत. पण आपली भूमिका 'जिथं शिकला तिथला' अशी धरली तर दोन्ही बसतं.

नीटवाली_आई

कसं बसतं? मुंबईला शिकलेल्याला मुंबईच्या जागा, हेच तर ७०:३० म्हणत होतं.

पिंपळपान

बरं, नाही बसत.

मांजराकाठ

धागा वाचून दाखवला घरी. दाजी गप्प झालेत. ताई म्हणाली, आपण इथलेच ना मग? आणि आत निघून गेली. चौदा वर्षं दर दिवाळीला तिकडून पैसे पाठवून घर बांधलं, औशाजवळ दोन एकर घेतली, आणि पोरगी आता बाहेरची ठरली. नियम असेल, मी नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही नीट.

जुना_उस्मानी

मांजराकाठ, 'बाहेरचा कागद' हे आपल्या मुलखाला नवीन नाही, म्हणून ही गोष्ट लिहितो. वय ऐंशीच्या पुढं आहे, टंकायला वेळ लागतो.

माझे वडील मॅट्रिक झाले ते निजामाच्या राज्यात. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात, आणि वर उस्मानिया विद्यापीठ, १९१८ चं, शिक्षण उर्दूतून. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. पुढं शिकायला वडील पुण्याला गेले. तिथं त्यांचा दाखला बघणाऱ्याला तो वाचताच येईना. कोणीतरी भाषांतर करून दिलं, त्यावर दुसऱ्या कोणीतरी सही केली, मग प्रवेश झाला. आज तुम्ही ज्याला साक्षांकन म्हणता ते तेच. वडील सांगायचे, वर्गातली मुलं त्यांना 'मोगलाईतला' म्हणायची.

आमच्या मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ १९५८ ला मिळालं, २३ ऑगस्टला. त्याच्या आधी औरंगाबादला बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं ते १९५० ला, तेव्हा परीक्षा उस्मानियाच्याच होत्या. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि एका रात्रीत हैदराबादचे कागद परक्या राज्याचे झाले. माणसं होती तिथंच होती.

मुलीला जेवायला घाला.

भोकरदनी

आजोबा, हे लिहिलंत ते भारी केलंत. वेगळा धागा काढा की यावर.

पेट_वाला

धाग्याच्या निमित्तानं माझंही. मी ब्रिटनमधून एक वर्षाची मास्टर्स करून आलो. इथं पीएचडीला पेट, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायची तर आक्षेप असा की मास्टर्स दोन वर्षांची हवी. मी आठ महिने हेलपाटे घातले. शेवटी कळलं की २०२२ च्या जुलैमध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झालाय, त्यानुसार तिकडची एक वर्षाची मास्टर्स इथं मास्टर्सच. डॉक्टरी, इंजिनिअरिंग, वकिली असल्या व्यावसायिक पदव्या त्यात नाहीत. कराराची प्रत छापून अर्जाला जोडली तेव्हा फाईल हलली. यात मला एकच खंत, प्रत पहिल्या दिवशी का जोडली नाही.

हिमरू

पेट_वाला, गंमत बघा. आमच्या संभाजीनगरात येमेनची पोरं वर्षानुवर्षं शिकायलेत, विद्यापीठाच्या गेटासमोरच्या चहावाल्याला अरबी येतं. त्यांच्या कागदांची सगळ्यांना सवय झालीय. अडतंय आपलंच परत आलेलं पोर, कारण ते परदेशी विद्यार्थी नाही आणि खिडकीच्या हिशोबानं देशीही नाही.

गोदातीर

हिमरू, नेमकं. परदेशी विद्यार्थ्याला स्वतंत्र कक्ष असतो, त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी. परत आलेला भारतीय मुलगा साध्या रांगेत उभा असतो आणि त्याच्या हातातला कागद त्या रांगेचा नसतो.

ह्यूस्टनहून_परत

आमची मुलगी जन्मानं अमेरिकन, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. कुणी त्या वाटेवर असेल तर कार्डावरची तारीख बघा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं नीट, जेईई वगैरेसाठी ओसीआयवाल्यांना एनआरआयसारखं धरलं, म्हणजे फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा बंद. पण २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे पुढच्या लोकांना लागू, त्या तारखेच्या आधी कार्ड मिळालेल्यांचे हक्क कायम. आमचं कार्ड २०१६ चं. ते प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात सोन्याशेजारी ठेवलंय.

विहीर_सिंचन

ज्यांची मुलं गणितवाली आहेत आणि अजून आखातातच आहेत त्यांच्यासाठी: एनआयटीत 'डासा' म्हणून वेगळी प्रवेशवाट आहे, जेईई मेनच्या गुणांवर. त्यात आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांना सीआयडब्ल्यूजी हा गट, फी इथल्या मुलांएवढी. आठ देश: सौदी, अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन, इराण, इराक. अकरावी-बारावी तिकडंच झालेली हवी. नोकरी सोडायच्या आधी हे बघा, कारण पालकाच्या तिथल्या नोकरीचे कागद लागतात. माझ्या मेहुण्यानं राजीनामा दिला आणि मग पुस्तिका वाचली.

मांजराकाठ

आमची जीवशास्त्रवाली, आणि दाजींचा राजीनामा नाही, कंपनीच गेली. पण माहिती चांगली, गल्लीतल्या दोघांना पाठवली.

आणखी एक अडलंय. सीईटीच्या फॉर्मात बारावीचे गुण शंभरपैकी मागतात. हिच्या कागदावर ए, बी असली अक्षरं येणार. बी म्हणजे किती लिहू?

मस्कतची_सून

मनानं काही लिहू नका! केंब्रिजच्या निकालपत्रावर ग्रेडशेजारी टक्केवारीचा एक आकडा असतो, पीयूएम म्हणतात त्याला. प्रमाणपत्रावर नसला तरी निकालपत्रावर बघा. तोच लिहा आणि ते पान जोडा. माझ्या मुलाच्या वेळी एका सायबर कॅफेवाल्यानं ए म्हणजे ९५ असं परस्पर टाकलं होतं, पडताळणीत अर्ज परत आला.

आणि पुढच्या वर्षीच्या पालकांसाठी: केंब्रिजची मार्चमधली परीक्षा भारतातल्या शाळांतून देता येते, निकाल मे महिन्यात. जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टात येतो आणि तोवर इथल्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात.

नीलांबरी

मग ऑगस्टपर्यंत हिनं काय करायचं? फेऱ्या थांबणार आहेत का?

गोदातीर

फेऱ्या थांबत नाहीत. पण साध्या बीएस्सीला बरीच कॉलेजं हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात, निकाल आणि समकक्षता ठराविक तारखेच्या आत देतो असं लिहून. शेवटच्या फेरीनंतर रिकाम्या जागाही राहतात. बीफार्मसारख्या सीईटीच्या प्रवेशाला नियम मेडिकलपेक्षा सैल आहेत, हे मात्र लक्षात घ्या. तिथं 'बी' प्रकारात दहावी-बारावी बाहेरची असली तरी चालते, विद्यार्थ्याचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असला की झालं. दाजींचं किंवा ताईंचं वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र काढलंय का?

मांजराकाठ

ताईचं आहे, लग्नाआधीचं. नाव माहेरचं.

तात्याराव_उदगीर

झाली चौथी माणूस.

मांजराकाठ

नमस्कार, मी मामाच्या खात्यावरून लिहितेय. ज्या मुलीबद्दल सगळे बोलताय ती मी. मराठी टाइप करायला मामीनं मदत केली, चुका असतील तर सॉरी.

मी सगळा धागा वाचला. मोठ्यानं वाचला, म्हणून वेळ लागला. उस्मानी आजोबांचं दोनदा वाचलं.

मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगते, मला एमबीबीएस नकोय. नीट पप्पांसाठी दिली होती. मला शेतीचं शिकायचंय. शारजात आमच्या बाल्कनीत मी टोमॅटो लावायचे, तिथल्या उन्हात ते जूनमध्ये मरायचे आणि मी दर वर्षी परत लावायचे. औशाच्या शेतात सोयाबीन आहे, आजोबा म्हणतात पानं पिवळी का पडतात ते कुणी नीट सांगत नाही. मला ते शिकायचंय. परभणीला कृषी विद्यापीठ आहे ना? माझी सीईटी झालीय. तिथं माझी परीक्षा चालेल का?

नीटवाली_आई

अगं बाई. आणि मी इकडं ८५ टक्के, १५ टक्के करत बसले.

जुना_उस्मानी

बेटा, पिवळी पडण्याची कारणं बरीच असतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, हे एक. पाणी साचलं तरी पडतात. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडं बघ. जुनं पान आधी पिवळं पडत असेल तर वेगळं कारण. उद्या जाऊन बघून ये आणि इथं लिही.

विहीर_सिंचन

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, १९७२ चं. कृषीची प्रवेशप्रक्रिया मेडिकलपेक्षा वेगळी चालते, तिची पुस्तिका वेगळी. त्यात बाहेरून बारावी झालेल्यांचं पान आधी उघडा आणि गोदातीरांनी सांगितला तो पोच घेतलेला अर्ज तिथंही द्या. शेतकरी कुटुंबाला सातबाऱ्याचे जादा गुण मिळतात. सातबारा कुणाच्या नावावर आहे?

मांजराकाठ

(मामा लिहायलोय आता.) सातबारा ताईच्या नावावर. सासरच्या नावानं.

कालपासून घरात वेगळंच चाललंय. दाजी पहाटे उठून पोरीला घेऊन औशाला गेले, येताना पिशवीभर पिवळी पानं आणली, डायनिंग टेबलावर पसरलीत. ताई म्हणते जेवायचं कुठं. रूममेटचा फोन आला, टीसी कुरियरनं त्याच्याकडं पाठवायची, तो शिक्के मारून घेणार आहे. कॉलेजला आणि परभणीला दोन्हीकडं अर्ज तयार केलेत, दोन दोन प्रती.

जुना_उस्मानी

पानं कोवळी का जुनी?

मांजराकाठ

कोवळी. शिरा हिरव्या आहेत. भाची म्हणते आजोबांना सांग.

मस्कतची_सून

ते सगळं ठीक, पण ताईंच्या अधिवासावर माहेरचं नाव, सातबाऱ्यावर सासरचं, आणि मुलीची तीन. विवाह नोंदणी दाखला हुडकून ठेवा आणि आधारची दुरुस्ती उद्याच टाका. टीसी मूळ पाठवण्याआधी रंगीत स्कॅन करून घ्या, दोन्ही बाजू.